बिल्ला हरवलेला ड्रम

शोधक नजर

दोस्तांनो, कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीने कधी गेला असाल तर शहाड तुम्हाला ठाऊक असेल. कल्याण सुटलं की पहिलंच स्टेशन. एका अंगाला उल्हासनगर, जवळच उल्हास नदी, रेयॉनचा कारखाना आणि बिर्लांचं विठ्ठलमंदिर. या शहाडहून आठवीतल्या एका दोस्ताचं पत्र आलं आहे. तो लिहितो :

'आमच्या माळ्यावर आजोबांचा ड्रम आहे. आजोबा कारखान्यात कामाला होते आणि लग्नसराईत बँडमध्ये वाजवायचे. आता ते नाहीत. साफसफाईसाठी ड्रम खाली काढला, तर घरात दोन पक्ष पडले. मोठे काका म्हणतात, पितळ आहे, भंगारवाला किलोवर घेईल. मामा म्हणतो, विलायती आहे, लाखभर रुपये येतील. आजी काहीच बोलत नाही. ड्रमवरचा कंपनीचा बिल्ला पडून गेलाय. कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, साल कोणतं, हे कसं शोधायचं? काकांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे.'

आहे की नाही पेच? पत्र वाचून आम्ही त्याला सहा प्रश्न पाठवले. पठ्ठ्याने चुंबक, मोजपट्टी आणि बॅटरी घेऊन सगळी उत्तरं शोधली आणि पाठवली. तीच आज तुमच्यासमोर ठेवतो. पण त्याआधी दोन गोष्टी.

पहिली, हा ड्रम वाजतो कसा? शाळेच्या संचलनात 'टर्रर्र-टप्, टर्रर्र-टप्' असा करकरीत आवाज येतो ना, तो याचा. इंग्रजीत याला स्नेअर ड्रम म्हणतात, आपले बँडवाले साइड ड्रम म्हणतात. याला दोन तोंडं. वरच्या तोंडावर काठ्या पडतात. खालच्या तोंडाचं कातडं पातळ असतं आणि त्याला चिकटून तारांची एक जुडी ताणलेली असते. तीच स्नेअर. वर काठी पडली की आतली हवा खालच्या कातड्याला ढकलते, कातडं तारांवर थडथडतं आणि करकर उमटते. बाजूची खिट्टी सैल केली की तारा सुटतात, मग तोच ड्रम नुसता 'ढम' म्हणतो. आपला ताशा कडकडतो तो घट्ट ताणलेल्या एकाच कातड्यामुळे. इथे काम तारांचं.

दुसरी गोष्ट म्हणजे नियम. जुनी वस्तू हाती आली की आधी ती वाचायची, मग पुसायची. पॉलिश लावून चकचकीत केलेल्या ड्रमवरून अर्ध्या खुणा जातात, आणि गेलेली खूण परत आणता येत नाही. म्हणून आधी चारी बाजूंनी फोटो, मग मोजमाप, मग बाकी सगळं.

आता प्रश्न.

पहिला प्रश्न : लोहचुंबक चिकटतो का?

ड्रमच्या गोल अंगाला शेल म्हणतात. ते लाकडाचं असेल तर दिसतंच. धातूचं असेल तर चुंबक लावा. चिकटला तर लोखंड किंवा पोलाद. नाही चिकटला तर पितळ किंवा अॅल्युमिनियम. त्यात अॅल्युमिनियम हलकं आणि पितळ जड. क्रोमच्या मुलाम्याखाली पिवळा रंग दिसला तर पितळच.

आपल्या दोस्ताचं उत्तर : 'चिकटत नाही. मुलामा उडालाय तिथे पिवळं दिसतं. उचलायला जड आहे.' म्हणजे काकांचं म्हणणं खरं, ड्रम पितळेचा आहे. एक गुण काकांना.

दुसरा प्रश्न : मापं काय आणि नट किती?

उत्तर : 'रुंदी १४ इंच, उंची १० इंच, ताण द्यायचे नट ८.'

ऑर्केस्ट्रात स्टँडवर ठेवून वाजवायचे ड्रम बहुतेक १४ इंच रुंद आणि ५ ते साडेसहा इंच उंच असतात. चालत वाजवायचे ड्रम त्याहून खोल. म्हणजे एका मापानेच ड्रमचा घराणा कळला : हा मिरवणुकीचा ड्रम.

आता जरा गणित. १४ इंच व्यास म्हणजे परीघ किती? ७ मध्ये २२, तर १४ मध्ये ४४ इंच. आठ नट सारख्या अंतरावर बसवले तर दोन नटांमध्ये साडेपाच इंच यायला हवेत. आम्ही दोस्ताला आठही अंतरं मोजायला सांगितली. कुठे साडेपाच, कुठे सव्वापाच, कुठे पावणेसहा! मोठ्या कारखान्यात भोकं साच्यावर पाडतात, तिथे पाव इंचाचा फरक पडत नाही. इथे कुणीतरी हाताने खुणा करून भोकं पाडली आहेत. शेलच्या आत डाख दिलेला सांधा आहे आणि त्यावर कानशीचे ओरखडे आहेत. हे काम छोट्या कारखान्यातल्या कारागिराचं दिसतं. मामाची बाजू इथे लंगडी पडली.

तिसरा प्रश्न : पट्ट्याचा हूक आहे का, आणि झीज कुठे आहे?

हा प्रश्न कंपनीचा नाही, माणसाचा आहे. मिरवणुकीचा ड्रम खांद्यावरून आलेल्या पट्ट्याला हुकाने अडकवतात. तो डाव्या मांडीपाशी लोंबतो आणि उजवीकडे तिरका होतो. ड्रम तिरका असल्यामुळे डाव्या हाताला काठी नेहमीसारखी मुठीत धरता येत नाही. ती अंगठ्याच्या बेचक्यातून, बोटांवर पेलून धरावी लागते. मग पुढे ड्रम स्टँडवर सरळ बसले तरी कित्येक वादकांनी डाव्या हाताची ती पकड सोडली नाही. आजही तुम्हाला मोठमोठे ड्रमर तशी काठी धरताना दिसतील.

उत्तर आलं : 'हूक आहे. हुकाच्या खाली एका जागी मुलामा पार गेलाय, हाताएवढा पट्टा गुळगुळीत पिवळा झालाय.' दोस्तांनो, तो पट्टा म्हणजे आजोबांची मांडी! वर्षानुवर्षं वराती चालताना ड्रम तिथे घासला. पॉलिशवाल्याला ही झीज म्हणजे खराबी वाटेल. आपल्याला ती सहीसारखी आहे.

चौथा प्रश्न : बिल्ला कुठे होता, त्याची सावली दिसते का?

बिल्ला निघाला तरी त्याच्याखालचा मुलामा कमी झिजलेला राहतो, त्यामुळे आकाराची सावली उरते. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली की ठसा उमटतो.

बिल्ल्याला एवढं महत्त्व का? एक उदाहरण देतो. अमेरिकेत शिकागोला १९०९ साली लुडविग ही कंपनी निघाली. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स हा इंग्लंडचा वाद्यवृंद अमेरिकेच्या टीव्हीवर झळकला, सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. रिंगो स्टारच्या मोठ्या ड्रमवर लुडविगचं नाव होतं. झालं! कंपनीकडे मागणीची रीघ लागली. त्या काळातल्या लुडविगच्या बिल्ल्याचा आकार कमानीच्या मधल्या दगडासारखा, वर रुंद आणि खाली निमुळता. साधारण १९६३ पासून बिल्ल्यांवर क्रमांकही येऊ लागले. एकाच मापाची दोन मॉडेलं ओळखायची तर नट मोजायचे : सुप्राफोनिकला १० नट आणि आरशासारखी चमक, अॅक्रोलाइटला ८ नट आणि मंद चमक.

तुम्ही म्हणाल, क्रमांक आहे म्हणजे साल मिळालंच की! थांबा, घाई नको. कारखान्यात बिल्ले क्रमाने लावतच नसत. पेटीत हात घालायचा, येईल तो बिल्ला ठोकायचा. त्यामुळे मोठ्या क्रमांकाचा ड्रम आधीचा आणि छोट्या क्रमांकाचा नंतरचा, असंही होतं. म्हणून जाणकार नुसत्या क्रमांकावर विसंबत नाहीत. बिल्ल्याचा आकार, खिट्टी, नट, रिम आणि लाकडी ड्रम असेल तर आत मारलेला तारखेचा शिक्का, हे सगळं एका सुरात बोलतंय का ते पाहतात.

विलायती म्हटलं तर लंडनची प्रीमियर ही कंपनी, सुरुवात १९२२ ची. लुडविग घेण्याआधी रिंगोकडे प्रीमियरचेच ड्रम होते. आणि आपल्या देशात? बँडच्या वाद्यांचं मोठं केंद्र म्हणजे उत्तर प्रदेशातलं मेरठ. तिथल्या जली कोठी भागात तुताऱ्या, ट्रम्पेट, ढोल, ड्रम यांचे कारखाने आहेत. त्यांतल्या नादिर अली आणि कंपनीची सुरुवात १८८५ ची. देशभरातल्या लग्नांच्या वरातीत वाजलेली किती वाद्यं या एका मोहल्ल्यातून आली असतील, विचार करा!

शहाडच्या ड्रमवरची सावली निघाली गोल. म्हणजे तो निमुळता बिल्ला नव्हता हे नक्की. पण गोल बिल्ले कितीतरी कारखान्यांनी लावले. तेव्हा नुसत्या गोलावरून नाव ठोकून द्यायचं नाही.

पाचवा प्रश्न : तोंडावर कातडं आहे की प्लॅस्टिक?

पूर्वी दोन्ही तोंडांना जनावराचं कातडं असायचं. पावसाळी हवेत ते ढिलं पडायचं आणि उन्हात ताणून फुटायचंसुद्धा. १९५० च्या दशकात प्लॅस्टिकची पातळ तोंडं आली. रेमो बेली या अमेरिकन ड्रमरने १९५७ साली त्यांचा कारखानाच काढला. मग काय, पावसाची भीती गेली.

आमच्या दोस्ताच्या ड्रमला वर प्लॅस्टिक आहे, खाली कातडं. मग ड्रम १९५७ च्या नंतरचा? नाही! तोंडं फाटतात आणि बदलली जातात. सायकलला नवा टायर टाकला म्हणून सायकल नवी होते का? इथे शोधकाने प्रत्येक भागाला विचारायचं, 'तू मूळचा की नंतर आलेला?' नंतर आलेला भाग वाजवणाऱ्याची गोष्ट सांगतो, ड्रमच्या जन्माची नाही.

सहावा प्रश्न : आत काय आहे?

शेलला हवा जाण्यासाठी एक छोटं भोक असतं. त्यातून बॅटरी मारली तर आतलं दिसतं. इथेच खरा खजिना निघाला. आत दुकानाची कागदी चिठ्ठी चिकटवलेली. दुकानाचं नाव फाटलेलं, पण खाली इंग्रजीत 'बॉम्बे - २' असं छापलेलं, आणि शाईने लिहिलेल्या किमतीपुढे दोन अक्षरं : 'एन. पी.'

आता डोकं चालवा. वस्तूचं साल शोधायचं म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी बांधण्यासारखं आहे. दोन खुंट्या लागतात. एक खुंटी 'याच्या आधी नाही' आणि दुसरी 'याच्यानंतर नाही'. खरं साल या दोन खुंट्यांच्या मध्ये.

'बॉम्बे - २' पाहा. आजचा पत्ता असता तर 'मुंबई ४०० ००२' असा असता. काळबादेवी-धोबीतलावचा हा भाग, आणि वाद्यांची दुकानं तिथे फार जुनी. १८६५ साली सुरू झालेलं फुर्टाडोज धोबीतलावचंच. सहा आकडी पिनकोड देशात सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याआधी मुंबईच्या टपाल विभागांना असे एक-दोन आकडी क्रमांक होते. दुकानदार जुन्या छापील चिठ्ठ्या संपेपर्यंत वापरतात, हे धरूनही ही चिठ्ठी त्याच सुमाराची किंवा त्याआधीची. एक खुंटी ठोकली.

आणि 'एन. पी.' म्हणजे? आजीआजोबांना विचारा, ते हसून सांगतील : नये पैसे! १ एप्रिल १९५७ ला आणे गेले आणि रुपयाचे शंभर पैसे झाले. जुन्या पैशाशी गोंधळ नको म्हणून नव्याला 'नया पैसा' म्हणायचे. १ जून १९६४ पासून 'नया' गळलं आणि उरला नुसता पैसा. म्हणजे किंमत नये पैशांत लिहिलेली चिठ्ठी १९५७ च्या आधीची असूच शकत नाही, आणि १९६४ च्या फार नंतरचीही नसणार. दोन अक्षरांनी दोन्ही खुंट्या ठोकल्या!

एक लक्षात ठेवा. दुकानाची चिठ्ठी सांगते ती विक्रीची वेळ. ड्रम बनला त्याच्या आधी कधीतरी.

अशा खुंट्या तुमच्या गावातही सापडतील. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी बराकींत वसवलं आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. तेव्हा 'उल्हासनगर' छापलेली कुठलीही वस्तू १९४९ च्या आधीची नाही. पण कुणी तोंडाने 'कॅम्प नंबर चार' म्हटलं तर त्यावरून साल काढू नका, लोक अजूनही तसंच म्हणतात. तसंच बॅगपाइपसाठी प्रसिद्ध असलेलं सियालकोट. एखाद्या बँडच्या वाद्यावर 'सियालकोट, इंडिया' असेल तर ते ऑगस्ट १९४७ च्या आधीचं.

शेवटचा साक्षीदार

सहा प्रश्न संपले, पण एक साक्षीदार उरला होता. आजी! नुसतं 'हा ड्रम कधी घेतला?' असं विचारलं तर बहुतेक वडीलधारी माणसं म्हणतात, 'आता कुठलं आठवतंय रे बाळा.' साल आठवत नाही, पण घटना आठवतात. म्हणून आम्ही दोस्ताला घटनांची यादी दिली : कोयनेचा भूकंप, १९७१ च्या लढाईतला ब्लॅकआउट, १९७२ चा दुष्काळ, १९७५ ची आणीबाणी. आणि सांगितलं, 'आजी, तेव्हा ड्रम घरात होता का गं?' असं एकेक विचार.

पहिल्याच नावाला आजी बोलली. 'भूकंपाच्या पहाटे? अरे, तेव्हा हा माळ्यावर आपोआप वाजला होता! कुणी हात लावला नाही आणि नुसता थरथर वाजतोय. मी घाबरले. तुझे आजोबा म्हणाले, अगं, तारा सोडायच्या राहिल्या रात्री.'

दोस्तांनो, आजीचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. तारा कातड्याला टेकलेल्या असल्या की आसपासच्या हादऱ्यानेही त्या थडथडतात. शेजारी दुसरं वाद्य मोठ्याने वाजलं तरी स्नेअर करकरते, म्हणून शांत जागी वादक खिट्टी सैल करून ठेवतात. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, आणि तो मुंबईपर्यंत जाणवला होता. म्हणजे १९६७ मध्ये ड्रम घरात होता. चिठ्ठी आणि आजी, दोघींनी एकमेकींना न विचारता एकच साक्ष दिली. वेगवेगळ्या साक्षी जुळल्या की शोधकाने थोडं निर्धास्त व्हायचं.

मग उत्तर काय?

शहाडच्या दोस्ता, तुझ्या ड्रमची ओळख अशी लिही :

'मिरवणुकीचा साइड ड्रम. पितळी शेल, क्रोमचा मुलामा. १४ × १० इंच, ८ नट. खुणांवरून हाताने बनवलेला. गोल बिल्ला होता, आता नाही. वरचं तोंड प्लॅस्टिकचं, बहुधा नंतर बसवलेलं. १९५७ ते १९६४ च्या सुमारास मुंबईत विकला गेला. १९६७ मध्ये शहाडला आमच्या घरी. वादक : माझे आजोबा.'

यात कंपनीचं नाव नाही म्हणून हिरमुसू नकोस. नाव नसलं तरी ओळख असते. उद्या कुणी त्यावर जुना विलायती बिल्ला ठोकून दिला, तर नाव मिळेल आणि ओळख जाईल. खोट्या नावापेक्षा रिकामी जागा बरी. पुढे कधी तसाच, बिल्ला शाबूत असलेला ड्रम दिसला तर ती जागा भरता येईल.

काकांना सांग, पितळ खरंच आहे, पण भंगारात वजन होतं, ओळख होत नाही. मामाला सांग, लाखाची आशा धरू नकोस, जास्त भाव येतो तो नावाजलेल्या कंपन्यांच्या मूळ अवस्थेतल्या ड्रमना. आणि ठेवायचा की द्यायचा, हे ठरवताना आजीलाही विचारा. इतके दिवस तिला कुणी नीट प्रश्नच विचारला नव्हता.

ठेवलात तर तारा आणि नट किंचित सैल करून, सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. चिठ्ठी सोलू नका, तिला चिकटपट्टी लावू नका. सुटे भाग डब्यात घालून डबा ड्रमबरोबरच ठेवा. दिलात तरी फोटो आणि ही ओळख घरी राहू द्या, आणि तिची एक प्रत ड्रमबरोबर जाऊ द्या.

पालकांसाठी दोन शब्द

साफसफाईत मुलांना नुसतं 'हात लावू नकोस' म्हणण्याऐवजी एक जुनी वस्तू आणि एक वही द्या. ओरखडा कसला, चिठ्ठी कुठली, हे मुलं विचारू लागली की इतिहासाचं पुस्तकही त्यांना वेगळं दिसू लागतं. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकणारं कुणीतरी मिळतं.

करून पाहा

घरातली एक जुनी वस्तू निवडा. हार्मोनियम, शिलाई यंत्र, भिंतीवरचं घड्याळ, पत्र्याचा डबा, काहीही. वहीत चार रकाने आखा : खूण, ती काय सांगते, मूळची की नंतरची, कुठली खुंटी. निदान पाच खुणा लिहा. शेवटी घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला घटनांची यादी घेऊन विचारा.

आणि हे कोडं सोडवा. एका डब्यावर पत्ता छापलाय : 'बॉम्बे ४०० ०२८'. शहराचं नाव अधिकृतपणे मुंबई झालं १९९५ साली. सांगा पाहू, या डब्याच्या दोन खुंट्या कुठे ठोकाल? आणि दोहोंपैकी पक्की कोणती, जराशी डळमळती कोणती, आणि का? उत्तर पुढच्या अंकात!